पालकांचा धडा



आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागात दरसाल मुलांकरिता एखादा धडा असतोच. कधी तो व्याकरणाचा असतो, कधी इतिहासाचा, तर कधी सृष्टिनिरीक्षणाचा. यंदाचा धडा पालकांकरिता आहे. तथापि तो मुलांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. तिचे कारण धडा संपेपर्यंत आपल्या ध्यानी येईल. विषय एवढाच की, लहान मुलाच्या शिक्षणात आईबापांचा वाटा कोणता, आणि तो उचलावयास त्यांनी स्वतः शिकलेले असणे अवश्य आहे काय?

अवश्य नाही, हे उत्तर द्यावयास आज मला क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु ते मला शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने शिकविले. ती चूक प्रथम सांगतो.

१. एक चूक

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका लहान गावी दुसरीच्या वर्गास शिकवीत होतो. वर्गात सात वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई बाजारात भाजी विकत असे. प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा असे, आणि पालकसभेस ती कधी येत नसे. तीन सभा झाल्या, तिन्हींस ती गैरहजर. चौथीसही ती आली नाही, तेव्हा माझा तोल सुटला व मी भर वर्गात बोलून गेलो, "ज्यांच्या घरी अभ्यासातले कुणाला काही कळत नाही, त्यांच्या मुलांकडून काय अपेक्षा करावी!" मी नाव घेतले नव्हते, पण मुले चतुर असतात. सर्वांनी माना वळवून त्या मुलाकडे पाहिले.

पुढील महिनाभरात त्या मुलाचे वाचन खालावत गेले. पूर्वी तो अडखळत का होईना, परंतु संपूर्ण धडा वाचीत असे. आता दोन ओळींवरच थांबू लागला. आईस चांगली समज द्यावी, ह्या हेतूने मी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दारात मेथीचा ढीग पडला होता व ती बाई दुसऱ्या दिवसाच्या बाजाराकरिता जुड्या बांधीत होती. मला पाहताच ती गडबडून उठली, पदर सावरला, बसावयास घोंगडी अंथरली, आणि मी काही बोलण्यापूर्वी तिनेच विचारले :

"गुरुजी, पोराचं काही चुकलं का? आधी रोज माझ्यापाशी बसून वाचायचा. मी भाजी निवडायची, त्यानं वाचायचं. मला अक्षर येत नाही, पण तो अडला की मला कळायचं. मग मी म्हणायची, मागनं घे. आता वाचतच नाही. म्हणतो, आई, तुला काय कळतंय?"

ते शेवटचे शब्द त्या मुलाने कोठून उचलले होते, हे मला कोणी सांगावयास नको होते.

मी खालच्या आवाजात विचारले, "बाई, तुम्ही सभेला का येत नाही?" ती म्हणाली, "सभा मंगळवारी असती, गुरुजी. मंगळवारी बाजार. एकदा माल अर्धा टाकून आले होते, पण तवर फाटक लागलं होतं." गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, एवढेही शाळेने कधी विचारले नव्हते! मी जी समज द्यावयास गेलो होतो, ती घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे माझी चूक कबूल केली. मग त्या मुलास विचारले, "तुझी आई शंभर जुड्या कागदपेन्सिलीवाचून कशा मोजते, हे आम्हाला दाखवशील काय?" त्याने खडूचे तुकडे मांडून पाच-पाचांचे ढीग केले, चार ढिगांची एक रांग, व अशा पाच रांगा. त्या दिवसाचे गणित आम्ही त्याच रीतीने केले. सभेचा वारही आम्ही बदलला. पुढे काही दिवसांनी मुलगा पुन्हा जवळ बसून वाचू लागल्याचे त्या आईनेच येऊन सांगितले. तो वर्गात पहिला आला, असे सांगून ही गोष्ट मी गोड करणार नाही. तसे घडले नाही. त्यास नीट वाचता येऊ लागले आणि आपल्या आईची लाज वाटेनाशी झाली. माझ्या मते तेवढे पुष्कळ झाले.

२. त्या आईने काय दिले होते?

आता ह्या गोष्टीचा अभ्यास करू. निरक्षर आई आपल्या मुलास वाचनात कोणते साहाय्य करीत होती? ती त्यास अक्षर सांगू शकत नव्हती. परंतु तीन गोष्टी ती रोज देत होती. पहिली, ठरलेली वेळ. भाजी निवडण्याची वेळ हीच वाचनाची वेळ. दुसरी, ऐकणारा कान. तिसरी, अपेक्षा, अडलास तर मागून घे, पण सोडू नकोस. वाचावयास नव्याने शिकणाऱ्या मुलाची अर्धी शक्ती अक्षरे जुळविण्यात खर्च होते, व अर्थाकडे त्याचे लक्ष उरत नाही. तोच उतारा दोनतीन वेळा मोठ्याने वाचला म्हणजे अक्षरे आपोआप ओळखू येऊ लागतात आणि मन अर्थाकडे वळते. 'मागनं घे' ह्या दोन शब्दांत त्या बाईने वाचनशिक्षणाचे एक मोठे तत्त्व ओळखले होते.

आपल्या इतिहासात डोकावले तर हाच धडा निरनिराळ्या रूपांनी भेटतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. स्त्रीने संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. आणि त्या मातेने पुढे आपल्या मुलीस शिकविले. यात्रेकरूंप्रमाणे गावोगाव हिंडणाऱ्या त्या कुटुंबास ना घर होते, ना शाळा. तरीही १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिची शाळा म्हणजे तिच्या आईचा सहवास होता.

दुसरे उदाहरण जोतीराव फुले ह्यांचे. त्यांचे वडील गोविंदराव ह्यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलाचे नाव शाळेतून काढले व त्यास शेतमळ्याच्या कामास लावले. परंतु मुलाची बुद्धी पाहून गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब ह्या दोघा परिचितांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे सातच वर्षांनी, १८४८ साली, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. एका बापाने आपला निर्णय फिरविला नसता, तर काय घडले असते, ह्याचा विचार करावा. दोघा परिचितांनी दुसऱ्याच्या मुलाची काळजी वाहिली, हेही विसरू नये. शाळेभोवतीचा समाज म्हणतात तो हाच.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ ह्यांचे. मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. दिवसा तेथे अभ्यासास जागा नाही व शांतताही नाही. म्हणून रामजी मुलास लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता, चाळ निद्रिस्त असता, अभ्यासाकरिता उठवीत. पुस्तकांस पैसे कमी पडले, तर लेकीचा दागिना मागून आणून गहाण ठेवीत व पेन्शन आले की सोडवून देत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. खोली मोठी करणे बापाच्या हाती नव्हते. वेळ शोधून देणे हाती होते, आणि ते त्याने केले. आज कोणी सात वर्षांच्या मुलास रात्री दोन वाजता उठवावे, असे मी सांगत नाही. घेण्याजोगे आहे ते हे की, अडचण पाहून बाप थांबला नाही. तीतून त्याने वाट काढली.

३. घरी करावयाच्या गोष्टी

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. पुढील गोष्टींस फारसा पैसा लागत नाही.

बोलणे. मूल शाळेत येण्यापूर्वीच भाषेची मोठी शिदोरी बांधून आणते, आणि ती घरच्या बोलण्यातून मिळते. म्हणून स्वयंपाक करताना, बाजारात जाताना, अंथरूण घालताना मुलाशी बोलावे. 'आज शाळेत काय झाले?' असे विचारले तर 'काही नाही' हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी 'आज तुला हसू कशाचे आले?' किंवा 'आज न समजलेले काय होते?' असे विचारावे, आणि विचारल्यावर उत्तर ऐकून घ्यावे. आपले बोलणे आपल्या घरच्या भाषेत असावे. पुष्कळ पालक मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात. त्यामुळे मूल दोन्हीकडे अपुरे राहते. मुलास शिकविण्याचे उत्तम माध्यम त्याची मातृभाषा होय, असे युनेस्को ह्या जागतिक संस्थेने १९५३ सालीच प्रसिद्ध केले, आणि आपल्या देशाच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. ज्याची घरची भाषा पक्की, त्यास दुसरी भाषा शिकणे सोपे जाते.

वाचणे व ऐकणे. ज्यांस वाचता येते त्यांनी रोज दहापंधरा मिनिटे मुलास वाचून दाखवावे. ज्यांस येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावे, किंवा आजीआजोबांनी गोष्ट सांगावी. तोंडी गोष्टीतही आरंभ, मध्य व शेवट असतो, आणि पुस्तकातील गोष्ट समजण्याची तीच पूर्वतयारी होय. ओव्या, उखाणे, कोडी, भेंड्या ह्यांनी शब्दांतील ध्वनी ओळखण्याची सवय लागते. ज्या मुलास 'कमळ' व 'कपाट' ह्यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो हे कानाने कळते, त्यास 'क' हे अक्षर डोळ्यांनी ओळखणे जड जात नाही.

मोजणे. गणित पाटीवर सुरू होत नाही. ते हातात सुरू होते. जेवणाऱ्या माणसांइतकी ताटे मांडणे, भाकरी चौघांत सारखी वाटणे, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणणे, किलो व पाव किलो ह्यांचा भेद हाताने तोलून पाहणे, ही कामे मुलांस करू द्यावीत. त्यांत वेळ जातो, सांडलवंड होते, हे खरे. परंतु सांडलेले पुन्हा भरता येते. न शिकलेले वय पुन्हा येत नाही.

हजेरी व झोप. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांचे वर्षाचे कामाचे दिवस निदान दोनशे असावे लागतात. महिन्यातून दोनच दिवस शाळा बुडाली, तरी दहा महिन्यांत वीस दिवस होतात, म्हणजे शिक्षणाचा दहावा हिस्सा गेला. एखादे लग्न, एखादी जत्रा, एखादा कंटाळा, असे करता करता हे दिवस कसे गेले ते कळत नाही. बुडालेल्या दिवशी वर्गाने नवे अक्षर घेतलेले असते, व त्या अक्षरावर पुढचा धडा उभा असतो. झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलास चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल सकाळी वर्गात बसते, परंतु जागे नसते. मुलाचा मोबाइल बाजूस ठेववावयाचा असेल, तर सर्वांत सोपा उपाय हा की, प्रथम आपण आपला बाजूस ठेवावा.

आता न करावयाच्या गोष्टी. मुलाचा गृहपाठ आपण लिहून देऊ नये. हस्तकलेच्या कामात पुठ्ठ्याचे सुबक घर आणणाऱ्या मुलास 'हे दार कसे कापलेस?' असे विचारावे आणि त्याने खाली पाहावे, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे. वाकडे घर, पण स्वतःचे, हे आम्हास अधिक प्रिय असते. कारण त्या वाकडेपणावरून पुढे काय शिकवावयाचे ते आम्हास कळते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. तीतून मूल शेजाऱ्याचा द्वेष तेवढा शिकते. गुणांकरिता बक्षिसाचे आमिष व नापासाकरिता माराची धमकी, ही दोन्ही टाळावीत. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस शिक्षणहक्काच्या कायद्याने मनाई केली आहे. मुलाच्या अंगावरील भीती घरातून आली की शाळेतून आली, ह्याने मुलास काय फरक पडतो? भ्यालेले मूल चूक लपवावयास शिकते, आणि लपविलेली चूक दुरुस्त होत नाही.

४. घर व शाळा ह्यांची भेट

एथवर घराचा विचार झाला. परंतु घर व शाळा ही एकमेकांपासून दूर राहिली, तर मुलास दोन जगांत वावरावे लागते. ती जवळ आणावयाची कशी, ह्याची दोन उदाहरणे मला नेहमी मार्गदर्शक वाटतात.

६ जानेवारी १९०७ रोजी इटलीतील रोम शहरी डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांनी सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत 'बालगृह' उघडले. आईबाप दिवसभर मजुरीस जात व मुले जिन्यांत, अंगणांत उनाड फिरत. ही शाळा त्या चाळवजा इमारतीतच होती. शिक्षिकेनेही तेथेच राहावे, असा बेत होता. आयांकरिता नियम लावलेले होते : मुले स्वच्छ करून पाठवावीत, शिक्षिकेस साहाय्य करावे, आणि आठवड्यातून निदान एकदा तिच्याशी मुलाविषयी बोलावे. मुलांस लिहावाचावयास शिकवा, असा आग्रह पुढे त्या निरक्षर आयांनीच माँटेसोरीबाईंपाशी धरला. ज्यांस अक्षर येत नव्हते, त्यांस अक्षराची किंमत अधिक कळली होती.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील. ताराबाई मोडक ह्यांनी गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासात भावनगरास बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. अनुताई वाघ ह्या त्यांस येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात. तेव्हा 'पालक बेफिकीर आहेत' असे म्हणून ह्या दोघी स्वस्थ बसल्या नाहीत. शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द त्या अंगणातून आला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, गेले. तेथे मुले का येत नाहीत ह्याचा शोध घेतला, तेव्हा कारणे दिसली : काहींच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर काही गुरे राखीत. मग भावंडांकरिता पाळणाघर, त्यास जोडून बालवाडी व प्राथमिक शाळा अशी 'विकासवाडी' उभी राहिली, आणि गुराख्यांकरिता कुरणातच 'कुरणशाळा' भरली. मूल शाळेत येत नसेल, तर त्याच्या घराकडे जाऊन कारण पाहावे, हा ह्या दोघींचा धडा. माझ्या गावचा मंगळवार मी ह्याच न्यायाने फार उशिरा पाहिला.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानेही ह्या भेटीस आधार दिला आहे. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती ह्यांविषयी पालकांस नियमित सभांतून कळविणे, हे त्या कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. आणि मुलास शाळेत घालणे हे पालकाचे. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. ह्याचा अर्थ असा की, पालक हा शाळेच्या दारातला पाहुणा नव्हे. तो घरचा मनुष्य आहे.

तेव्हा पालकहो, सभेस येताना केवळ 'गुण किती?' एवढाच प्रश्न आणू नका. 'माझे मूल वर्गात बोलते काय? कोणाबरोबर खेळते? त्यास अडते कोठे? घरी मी एक गोष्ट करावी, ती कोणती?' असे विचारा. आणि तुम्हासही सांगावयाचे असते, ते सांगा. मुलास रात्री खोकला असतो, घरी आजी वारली आहे, बाप कामाकरिता परगावी गेला आहे, मूल अंधारास भिते, हे आम्हास तुम्ही सांगितल्यावाचून कसे कळावे? शिक्षकाविषयी तक्रार असेल तर शिक्षकापाशी यावे. मुलादेखत त्याची निंदा करू नये. तसेच आम्हीही मुलादेखत पालकांस उणे बोलू नये. त्याचा परिणाम काय होतो, तो मी वर लिहिलाच आहे.

तुमच्या हातच्या विद्येचीही शाळेस गरज असते. सुताराने मुलांस गुण्या लावून काटकोन दाखवावा; शिंपिणीने टेपाने मापे घ्यावयास शिकवावे; शेतकऱ्याने बी कसे पारखतात ते सांगावे; परिचारिकेने हात कसे धुवावेत ते दाखवावे. ज्या दिवशी वर्गापुढे आपला बाप उभा राहून काही शिकवितो, त्या दिवशी मुलाची मान एक बोटभर उंच होते.

५. विद्यार्थ्यांस दोन शब्द

मुलांनो, हा धडा तुम्ही मोठ्याने वाचीत असाल, तर आता कारण तुमच्या ध्यानी आले असेल. तुमचे आईबाप कदाचित तुमच्याहून कमी शाळा शिकलेले असतील. तुम्ही जसजसे पुढील इयत्तांत जाल, तसतसे तुमच्या पुस्तकांतले पुष्कळसे त्यांस कळणार नाही. त्या वेळी 'तुला काय कळतंय' हे शब्द ओठांवर येतील; ते तेथेच थांबवा. त्यांच्यापाशी बसा, आणि आज शिकलेले त्यांस समजेल अशा भाषेत सांगून पाहा. तुम्हास ते सोप्या शब्दांत सांगता आले, तर धडा समजला. न आले, तर पुन्हा वाचावयास हवा. इतका प्रामाणिक परीक्षक तुम्हास दुसरीकडे मिळणार नाही. आणि घरातील कोणास अक्षर शिकावयाचे असेल, तर पहिले अक्षर तुम्ही शिकवा. ज्या हातांनी तुम्हास चालावयास शिकविले, त्या हातात पेन्सिल देणे ह्यासारखी गुरुदक्षिणा नाही.

पालकहो, तुमच्याकडे पुस्तके नसतील, वेगळी खोली नसेल, शिकवणीस पैसे नसतील. परंतु भाजी निवडण्याइतका वेळ व ऐकण्याइतके कान प्रत्येक घरात आहेत. तेवढ्यावर मुलाचे वाचन उभे राहते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि एका शिक्षकाच्या अविचारी वाक्याने ते कोसळू शकते, हेही पाहिले आहे. म्हणून शाळेच्या वतीने एवढेच वचन देतो : सभेचा वार तुम्हास विचारून ठरवू, आणि फाटक उघडे ठेवू.

घरचा अभ्यास (एक आठवड्याकरिता, पालक व मुले ह्यांनी मिळून करावा)

१. रोज दहा मिनिटांची एक वेळ ठरवा. त्या वेळी मुलाने मोठ्याने वाचावे व घरातील एकाने काम करता करता ऐकावे. अडल्यास मागून घ्यावे.

२. घरातील वडील माणसाकडून एक गोष्ट, ओवी किंवा कोडे ऐका व वर्गात येऊन सांगा.

३. कागदपेन्सिलीवाचून हिशेब करण्याची घरातील कोणाची काही रीत असेल, तर ती शिकून घ्या.

४. ह्या महिन्यात किती दिवस शाळा बुडाली ते मोजा. प्रत्येक दिवसाचे कारण लिहा. त्यांपैकी कोणती कारणे टाळता आली असती?

५. पुढील पालकसभेत विचारावयाचा एक प्रश्न व शिक्षकास सांगावयाची एक गोष्ट आईबापांनी ठरवावी. ज्यांस लिहिता येत नाही, त्यांच्याकरिता मुलाने ती लिहून घ्यावी व त्यांस पुन्हा वाचून दाखवावी.